फॉरवर्ड हजार, दुवा एकही नाही

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातील एखाद्या मराठी गृहस्थाने आपल्या मोहल्ल्याचा इतिहास लिहिला, असे समजा. त्याने घरोघरची जुनी कागदपत्रे चाळली, वृद्धांच्या आठवणी टिपल्या आणि तो मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला. नागपूर, इंदूर, पुणे येथील व्हॉट्सॲप समूहांत तो महिनाभर फिरतो, वाखाणला जातो. तरीही गूगलवर ‘दीक्षितपुरा’ असे टंकणाऱ्यापुढे आधी घरभाड्याच्या जाहिराती आणि पिनकोडच्या याद्या येण्याचीच शक्यता अधिक. यावरची ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे गूगल पक्षपाती आहे. आरोप अगदीच निराधार नाही. शोधाच्या निकालांत स्वतःच्या सेवांना झुकते माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पण दीक्षितपुऱ्याच्या लेखाचे दुखणे निराळे आहे आणि त्याचा बराचसा दोष मराठी वाचक-लेखकांच्या सवयींकडे जातो.

लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये मांडलेली ‘पेजरँक’ पद्धत एका साध्या गृहीतावर उभी आहे. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, म्हणजे त्याच्या बाजूने मत दिले. सर्व मतांचे वजन मात्र सारखे नसते. ज्या पानाकडे स्वतःला भक्कम दुवे येतात, त्याचे मत जड. आणि हे वजन त्याने दिलेल्या सर्व दुव्यांत वाटले जाते. दोन दुवे देणारे पान प्रत्येकाला अर्धा वाटा देते, दोनशे देणारे दोनशेवा. या गणितामागे एक कल्पित भटका वाचक आहे. तो समोरच्या पानावरील कोणत्याही दुव्यावरून पुढे जातो आणि सुमारे १५ टक्के वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. या भटकंतीत तो जितक्या वेळा एखाद्या पानावर आढळेल, तितका त्या पानाचा दर्जा. गूगल आता इतरही अनेक गोष्टी तपासते, पण दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही. घरभाड्याच्या मोठ्या संकेतस्थळाकडे बाहेरून असंख्य दुवे येतात आणि त्या श्रीमंतीचा वाटा आतल्या दुव्यांवाटे दीक्षितपुऱ्याच्या जाहिरातीपर्यंत झिरपतो. त्या गृहस्थाच्या पानाकडे जाणारी वाटच कोणी बांधलेली नसते.

मग हजारो फॉरवर्डांचे काय? व्हॉट्सॲपवरील संदेश खासगी असतात; शोधयंत्राला ते दिसत नाहीत. समाजमाध्यमांवरील दुव्यांना बहुधा ‘नोफॉलो’ ही खूण जोडलेली असते. हा दुवा मत म्हणून मोजू नये, असा तिचा अर्थ. ही खूण २००५ मध्ये जाहिरातखोरांना आवर घालण्यासाठी आली. २०१९ पासून गूगल तिला आदेश न मानता सूचना मानते, इतकाच फरक. विकिपीडियाचे बाहेर जाणारे दुवेही याच खुणेचे. त्यातच मराठीत फॉरवर्ड होतो तो बहुतेक वेळा पत्ता नव्हे, उचललेला मजकूर. लेखकाचे नाव पहिल्या दोन-तीन हातांतच गळते आणि खाली ‘साभार’ एवढाच शब्द उरतो. साभार कोणाचे, हे विचारण्याची पद्धत नाही.

विद्वत्तेच्या जगात ही पद्धत होती. वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादिलेला कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखांचा ग्रंथ १९५५ चा. जबलपूरजवळचे तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. तिच्याविषयी जबाबदारीने लिहिणारा अभ्यासक तळटीपेत मिराशींचे नाव घेतो. अशा संदर्भांची सूची करून विज्ञानातील लेखांचा परस्परसंबंध शोधावा, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. पेज आणि ब्रिन यांनी तोच विचार महाजालाला लावला. गूगलच्या यंत्रणेच्या मुळाशी असलेली तळटीपच मराठी महाजालावर दुर्मीळ व्हावी, हे चमत्कारिक आहे.

दुवे विकतही मिळतात, मग त्यांची मातब्बरी ती काय, असा आक्षेप येईल. बाजार आहेच. एकमेकांना दुवे देणाऱ्या बनावट संकेतस्थळांची शेते पिकवली जातात. त्यांच्याविरुद्ध गूगलने एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. शास्त्रीय नियतकालिकांतही परस्परांचे संदर्भ वाढवणाऱ्या टोळ्या असतात. खोटी नाणी चालतात म्हणून खऱ्यांनी व्यवहार बंद करावा, हे काही पटण्यासारखे नाही.

जबलपूरसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. लिपी एक, भाषा दोन. मराठीत ‘जबलपूर’, हिंदीत ‘जबलपुर’. पण ‘दीक्षितपुरा’ दोन्हींत तसाच. शोधणाऱ्याला कोणती भाषा हवी, याचा यंत्राला अंदाजच बांधावा लागतो आणि मजकुराचा व दुव्यांचा पसारा हिंदीत कितीतरी मोठा आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याने या मोजणीत एका दुव्याचीही भर पडलेली नाही. ती पडायची तर नागपूर-पुण्याच्या विद्यापीठांनी, वृत्तपत्रांनी, ग्रंथालयांनी आपल्या पानांवर बृहन्महाराष्ट्रातील लेखनाचे पत्ते द्यायला हवेत, तेही ‘येथे टिचकी मारा’ अशा मुक्या शब्दांवर नव्हे, तर ‘दीक्षितपुऱ्याचा इतिहास’ अशा नेमक्या शब्दांवर, कारण दुवा ज्या शब्दांवर असतो तेही यंत्र वाचते. आणि संकेतस्थळाची नवी आवृत्ती करताना जुने पत्ते नव्याकडे वळवण्याची तसदी संस्थांनी घ्यावी. नाहीतर वर्षानुवर्षे जमलेली मते एका रात्रीत ‘पान सापडले नाही’ या पाटीवर जाऊन आदळतात.