यंत्र धातू दाखवते, धनी दाखवत नाही

दहा-बारा वर्षांच्या मुलाने वाढदिवसाला धातुशोधक यंत्र मागितले, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम किंमत येते. व्यापारी घरात ते स्वाभाविकच आहे. तथापि या खरेदीत किंमत हा तिसरा प्रश्न होय. यंत्र मुलाच्या हाताला पेलेल काय, हा पहिला. आणि त्याने सापडलेली वस्तू कोणाची, हा दुसरा.

मंदिराच्या किंवा मॉलच्या दारातील ‘मेटल डिटेक्टर’ सर्वांच्या परिचयाचा आहे. जमिनीवर फिरवायचे यंत्र त्याच जातीचे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो व भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. धातू जवळ आला की त्याच्यातही सूक्ष्म प्रवाह उठतात. त्यांची चाहूल लागताच यंत्र वाजते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच तत्त्वाचे उपकरण वापरले. पण गोळी सापडली नाही. पलंगावरील गादीतील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असावा, असे सांगतात. खिशातील किल्ल्या व मोबाईल बाजूला ठेवून मगच यंत्र हाती घ्यावे, हा धडा आजही उपयोगी आहे.

मोठ्यांची यंत्रे साधारणपणे सव्वा ते दीड किलो वजनाची असतात. ती अर्धा तास डावी-उजवीकडे फिरवली की मुलाचा खांदा भरून येतो आणि यंत्र माळ्यावर जाते. म्हणून वजन किलोच्या आत असावे, दांडा मुलाच्या उंचीप्रमाणे लहान-मोठा करता यावा आणि तबकडी सहा-सात इंचांची असावी. लहान तबकडी फार खोल पाहत नाही. परंतु नाण्याएवढी वस्तू चार-सहा इंचांवर सापडली तरी मुलाच्या खुरप्याला तेवढे काम पुरे. बटणे दोन-तीनच असावीत, बॅटरी कोणत्याही दुकानात मिळणारी असावी.

पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा करावी. कुंडीतील मातीत एकामागून एक लोखंडी खिळा, पितळी किल्ली, औषधाच्या गोळ्यांची चांदी आणि एक रुपयाचे नाणे पुरून मुलाला आवाज ऐकू द्यावेत. लोखंड गाळून टाकण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. मात्र आपले रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचे असल्याने खिळ्याबरोबर तेही गाळले जाऊ शकते. तसेच बारीक सोन्याची अंगठी आणि चांदीचा कागद यांचे संकेत कित्येकदा सारखेच येतात. यंत्राचा शब्द अखेरचा मानू नये, हे मुलाला येथेच उमगते.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा बुडतो, शिवाय एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रीतसर कळवले आणि ठेव बेवारस ठरली, तर अन्य करार नसताना शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जागेच्या मालकास एक-चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ती हवी असल्यास धातूचे मूल्य अधिक त्याचा एक-पंचमांश देऊन घेता येते. केंद्र-संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवान्याविना उत्खननास मनाई आहे. म्हणून सहलीला गडावर जाताना हे यंत्र घरीच ठेवावे. घरचे अंगण, नात्यातील शेत, तेही मालकाला विचारून, एवढी भूमी मुलास भरपूर आहे.

हा छंद ब्रिटनमध्ये फार रुजला आहे. तेथील सफोक परगण्यातील हॉक्सन गावी नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉझ हे निवृत्त गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. यंत्र वाजले आणि रोमन काळातील नाणी हाती येऊ लागली. त्यांनी सगळी ठेव उपसली नाही. खणणे थांबवून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी येऊन उरलेली ठेव जशी रचलेली होती तशी उचलली, म्हणून ती लाकडी पेटीत कशी भरली होती हेही समजले. सुमारे पंधरा हजार नाणी व सोन्या-चांदीच्या वस्तू निघाल्या. ठेवीचे मोल साडेसतरा लाख पौंड ठरले. लॉझ यांनी आपले बक्षीस त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश संग्रहालयात गेला.

हाताला लागलेले सोने तसेच ठेवून मागे सरकणे प्रौढांनाही जड जाते. मुलाला ती सवय लहान वस्तूंपासूनच लावता येते. यंत्राबरोबर एक वहीही द्यावी. तीत तारीख, जागा, जागेचा मालक, खोली आणि वस्तू अशा पाच रकान्यांत प्रत्येक शोध नोंदवावा. खणलेला खड्डा त्याच दिवशी बुजवावा. शेजारणीच्या पैंजणाचा घुंगरू सापडला, तर तो तिच्या हाती पोहोचल्याची नोंद झाल्यावरच ती ओळ पूर्ण झाली असे मानावे. हिशेबाची वही ज्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, त्या घरातील मुलाला ही रीत शिकवायला वेळ लागणार नाही.