गवई साहेबांना जयभीम, क्रिमीलेअरला नाही!



१४ मे २०२५ रोजी अमरावतीचे भूषण रामकृष्ण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे ते दुसरे दलित आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश. २३ नोव्हेंबर २०२५ ला ते निवृत्त झाले. तेव्हापासून आपल्यात दोन गट पडले आहेत. एक गट म्हणतो, साहेबांवर टीका म्हणजे समाजद्रोह. दुसरा म्हणतो, क्रिमीलेअरची भाषा करणारा माणूस आपला कसा? दोन्ही गट चुकताहेत.

आधी श्रेय. दारापूरचे रा. सू. तथा दादासाहेब गवई यांचा हा मुलगा फ्रेजरपुऱ्यात वाढला, नगरपालिकेच्या शाळेत शिकला, अमरावती विद्यापीठातून वकील झाला. १९८५ ला वकिली, २००३ ला उच्च न्यायालय, २०१९ ला सर्वोच्च न्यायालय. बालकृष्णन २०१० ला निवृत्त झाले, त्यानंतर नऊ वर्षे त्या कोर्टात अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश नव्हता, हे विसरू नका. १३ नोव्हेंबर २०२४ ला गवई-विश्वनाथन खंडपीठाने बुलडोझरला लगाम घातला: पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही. झोपडपट्टीत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या पंधरा दिवसांची किंमत कळते. त्यांच्याच कारकिर्दीत, जून २०२५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचारी भरतीत आणि बढतीत एससी-एसटी आरक्षण लागू झाले. संविधानाचा अर्थ लावणाऱ्या कोर्टाच्या स्वतःच्या कचेरीत आरक्षण यायला ७५ वर्षे लागली! निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, असेही त्यांनी जाहीर केले.

पण म्हणून प्रत्येक निकाल डोक्यावर घ्यायचा का? नोटाबंदी वैध ठरवणारा बहुमताचा निकालही त्यांनीच लिहिला. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगून ठेवलाय. तो इशारा आपल्या माणसांनाही लागू आहे.

आता मुख्य मुद्दा. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ विरुद्ध १ मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्यात गवई साहेबांनी एससी-एसटीलाही क्रिमीलेअर लावण्याचे मत मांडले. तो बंधनकारक आदेश नव्हता, पण पुढच्या प्रत्येक विरोधकाच्या हातात ते मत कोलीत म्हणून राहणार आहे. त्यांचा सवाल असा की, आयएएस अधिकाऱ्याचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा सारखे कसे?

सारखे नाहीत. हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू. पण आरक्षण गरिबी हटवायची योजना नाही, ते प्रतिनिधित्व आहे. जात पगाराची स्लिप पाहून थांबत नाही. याचा पुरावा दुसरीकडे कशाला शोधायचा? ६ ऑक्टोबर २०२५ ला खुद्द सरन्यायाधीश गवईंवर भर कोर्टात बूट फेकण्याचा प्रयत्न झाला. कारण धर्माचे सांगितले गेले. पण त्याच दिवसांत समाजमाध्यमांवर फिरले ते काय? गळ्यात मडके बांधलेले त्यांचे बनावट व्हिडिओ! पेशवाईतले मडके देशाच्या सरन्यायाधीशाच्या गळ्यात बांधणाऱ्याला त्यांचे पद दिसले नाही, जात दिसली. साहेबांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केले. समाजशास्त्राने मात्र त्याची नोंद घ्यायला हवी: वर्ग बदलला, कलंक बदलला नाही.

दुसरे, खुर्च्या भरल्यात कुठे की वाटेकरी कमी करायचे? सरकारनेच संसदेत सांगितले, २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांत अनुसूचित जातीचे फक्त २२. म्हणजे शंभरात तीन. २०११ च्या जनगणनेत आपण शंभरात सोळाच्या वर आहोत. तिथे तर आरक्षणच नाही, आणि ‘योग्य उमेदवार मिळत नाही’ ही सबब आहे. जिथे आरक्षण आहे तिथेही अनुशेष आहेच. स्पर्धेत टिकू शकणारी दुसरी पिढी बाहेर काढा, पहिल्या पिढीला शिष्यवृत्ती वेळेवर देऊ नका, मग जागा रिकामी दाखवा. मिळाले कोणाला? शेतमजुराच्या पोराला तर नाहीच!

मग शेतमजुराच्या पोराचे काय? उत्तर आहे: बाहेर काढणे नको, प्राधान्य द्या. एकाच प्रवर्गात पहिल्या पिढीच्या उमेदवाराला आधी संधी, उरलेली जागा त्याच प्रवर्गातल्या इतरांना. जागा प्रवर्गाबाहेर जाता कामा नये. सोबत वसतिगृहे, वेळेवर शिष्यवृत्ती, अनुशेष भरती आणि कंत्राटीकरण बंद. आणि आपल्यातल्या साहेब लोकांनो, तुम्हीही ऐका. वस्तीकडे पाठ फिरवून फ्लॅटमध्ये बसलात म्हणूनच क्रिमीलेअरवाल्यांना बोलायला तोंड मिळते. मातंग, मेहतर वस्तीतल्या पोरांसाठी आपण किती अभ्यासिका चालवल्या, हा हिशेब आपणच आपल्याला विचारला पाहिजे. तो विचारला नाही, तर उद्या कोर्ट विचारेल.

इर्विन चौकात असो की अशोक वाटिकेत, गवई साहेबांचा फोटो जरूर लावा. त्याच भिंतीवर त्यांच्या मताचा युक्तिवादाने केलेला प्रतिवादही लावा. न्यायाधीशाचा खरा मान निकाल वाचून वाद घालण्यात असतो, हारात नाही.

जयभीम!