आमचा बाजार कोरेगावात आहे : भारतीय स्पर्धा आयोगाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली



सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगावात माझे शेती अवजारांचे दुकान आहे. पाठीवरचे बॅटरी पंप, कडबाकुट्टीची पाती, ठिबकचे सुटे भाग असा माल. आमच्याकडे आल्याचे पीक मोठे आणि आल्याची फवारणी चुकवून चालत नाही. पाऊस सुरू झाला की दुकानात बिघडलेल्या पंपांची रांग लागते. त्यांतले बरेच पंप मी विकलेले नसतात. शेतकरी पंप गल्ल्याशेजारी ठेवतो आणि म्हणतो, ‘‘शेठ, ऑनलाइन घेतलाय, गळतोय, तेवढं बघा.’’ वॉरंटी कार्डावर कुणाचाच शिक्का नसतो. फवारणी मात्र आजच करायची असते. मी वॉशर बदलून देतो, कारण तो माणूस उद्या बियाण्यालाही माझ्याकडेच येणार असतो.

हे पत्र ऑनलाइन विक्रीच्या विरोधात नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने मोबाईलवर आमचेही दुकान उघडले. पंपाबरोबर नोझल, वॉशर, ओ-रिंग आणि जादा चार्जर असा एक संच आम्ही पाठवायचो. पंप कसा उघडायचा, कसा धुवायचा, याचा मराठी व्हिडिओ तिने केला. बार्शी, जत, पार बेळगावपर्यंत पार्सले गेली. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला एवढे मोठे गिऱ्हाईक माझ्या वडिलांच्या काळात स्वप्नातही मिळाले नसते.

मग एका कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा फोन आला. ऑनलाइन विक्रीचा एकमेव हक्क आता पुण्याच्या एका विक्रेत्याला दिला आहे. तुमचा माल ऑनलाइनवरून काढा, नाहीतर बिलिंग बंद. मी म्हणालो, लेखी द्या. लेखी काही आले नाही, पुढची ऑर्डर मात्र अडकली. आम्ही माल काढला. त्याच आठवड्यात त्या विक्रेत्याचा दर मोबाईलवर पाहिला, तो माझ्या खरेदीच्या बिलावरच्या दरापेक्षा कमी होता. आमच्यासारखे पाच-सहा जण बाजूला झाल्यावर काही महिन्यांत ती सूट आटली. पंप गळायचा थांबला नाही, तो आजही माझ्याच दुकानात येतो. विक्रीचा हक्क पुण्याला आणि दुरुस्तीचे ओझे कोरेगावला, असा हा करार आहे.

आम्ही छोटे विक्रेतेही धुतल्या तांदळासारखे नाही, हे मला इथेच सांगितले पाहिजे. रात्री अकरा वाजता मी दर दहा रुपयांनी खाली आणायचा, सकाळपर्यंत कऱ्हाडच्या कुणीतरी वीस रुपयांनी आणलेला असायचा. पार्सलचा खर्च आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड धरला तर काही महिने आम्ही पदरचे घालून पंप विकले. त्या दिवसांत एकमेव हक्क मला मिळावा म्हणून मीसुद्धा कंपनीकडे शब्द टाकला होता. शिवाय दुसऱ्या एका कंपनीची तालुक्याची एकमेव डीलरशिप अकरा वर्षे माझ्याकडेच आहे. तिच्या जिवावर मी एक मेकॅनिक पगारावर ठेवला, सुटे भाग भरून ठेवले, गावोगावी पंप चालवून दाखवले. शेजारच्या गाळ्यात तोच माल कुणी पन्नास रुपये कमी लावून विकला असता, तर हा खर्च मी केला नसता. म्हणूनच एकट्याला दिलेला हक्क म्हणजे लबाडीच, असे म्हणून चालणार नाही.

स्पर्धा कायदा, २००२ हेच म्हणतो. कलम ३(४) मध्ये एकमेव वितरणाचा करार, माल द्यायला नकार आणि पुनर्विक्रीची किंमत बांधून देणे ही सगळी नावे आहेत. पण बाजारातल्या स्पर्धेवर जाणवण्याजोगा वाईट परिणाम होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तरच ती बेकायदा ठरतात. हा तराजू मला मान्य आहे. माझी तक्रार तराजूत काय घातले जाते याबद्दल आहे.

फ्लिपकार्टसारख्या संकेतस्थळांनी काही वस्तूंच्या विक्रीचा एकट्याने हक्क घेतला, त्यात चेतन भगत यांच्या ‘हाफ गर्लफ्रेंड’चेही उदाहरण होते. त्याविरुद्धची तक्रार आपण २०१५ मध्ये बंद केली. एक वस्तू म्हणजे एक बाजार नव्हे, असा त्यामागचा विचार होता. कादंबरीच्या बाबतीत तो मला पटतो. स्नॅपडील आणि काफ अप्लायन्सेस यांच्या प्रकरणात ऑनलाइन घेतलेल्या मालाला वॉरंटी नाकारण्याचा मुद्दा होता. २०१९ मध्ये तेही बंद झाले. वितरणाची वाट निवडण्याचा कंपनीचा हक्क, स्पर्धा मारली जात नाही तोवर, आपण मान्य केलात. मोबाईल फोनच्या एक्स्क्लुझिव्ह विक्रीबद्दल दिल्ली व्यापार महासंघाने केलेल्या तक्रारीवरून अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश १३ जानेवारी २०२० रोजी निघाला. कोर्टकचेऱ्या पार करून चौकशीचा अहवाल यायला २०२४ उजाडले. एवढ्या काळात माझ्याकडून दोन कंपन्यांची डीलरशिप गेली आणि पुतणी नोकरीला पुण्याला गेली.

या प्रकरणांत पलीकडे मोठे संकेतस्थळ किंवा मोठी कंपनी असते आणि बाजार म्हणजे अख्खा देश धरला जातो. देशात शंभर कंपन्यांचे पंप मिळतात, त्यामुळे एका कंपनीने एका विक्रेत्याला हक्क दिला तर देशाच्या तराजूत पारडे हलतही नाही. पण ज्याच्या आल्यावर करपा आलाय, त्याचा बाजार देशभर पसरलेला नसतो. ज्या पंपाचा वॉशर आज संध्याकाळपर्यंत मिळेल, तोच त्याच्यासाठी बाजारातला पंप. कायद्याने हे ओळखले आहे. भौगोलिक बाजार ठरवताना काय पाहायचे ते कलम १९(६) मध्ये दिले आहे : वाहतुकीचा खर्च, ग्राहकाची पसंती, नियमित पुरवठ्याची आणि विक्रीनंतरच्या तातडीच्या सेवेची गरज. त्या यादीत ‘भाषा’ हाही शब्द आहे. तो वाचला तेव्हा मला पुतणीचा व्हिडिओ आठवला. ज्याने हा कायदा लिहिला, त्याला कोरेगावचा बाजार कळत होता. तपासताना तो नजरेआड होतो.

विट्याचे उदाहरण देतो. सांगली जिल्ह्यातले हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने डेटॉल बनवणाऱ्या रेकिट कंपनीच्या तिथल्या वितरकाची हकीकत छापली. वर्षानुवर्षे ज्या दुकानांत तो माल टाकत होता, तेच दुकानदार मोबाईल पुढे करून त्याला जिओमार्टवरचा कमी दर दाखवू लागले, त्यालाच लबाड समजू लागले. तोही एकमेव हक्काच्याच व्यवस्थेतला माणूस होता : त्याचा भाग ठरलेला, मार्जिन ठरलेले. कंपनीने त्याला भाग बांधून दिला आणि त्याच भागात दुसऱ्या दाराने स्वस्त माल आला. पुढे १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालावर बहिष्कार टाकला. त्यांची मागणी एवढीच होती की सगळ्यांना एक दर द्या. बोलणी झाली, बहिष्कार संपला. पण एकाच मालाला एकाच दिवशी दोन दर का, हे दुकानदाराला कुणी समजावून सांगितले नाही.

घाऊक माल घेणाऱ्याला सूट मिळते, हे मला कळते. दहा हजार पंप घेणाऱ्याला माझ्यापेक्षा कमी दर मिळणारच. पण ती सूट किती मालावर, कुणालाही मिळेल की ठरावीक नावालाच, हे कागदावर असावे. आज ते फोनवर ठरते आणि फोनवरच मोडते. ‘एमओपी’च्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या किमान विक्रीदराच्या, खाली विकू नका, असा निरोपही व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि वाचून झाला की पुसला जातो. किंमत बांधून देण्याचा याहून सरळ पुरावा कोणता? तरी तो हातात राहत नाही.

आपल्याकडून काही होत नाही, असे मी म्हणत नाही. मारुती सुझुकीला आपण २३ ऑगस्ट २०२१ रोजी २०० कोटी रुपयांचा दंड केलात, डीलरांनी किती सूट द्यायची ते कंपनी ठरवत होती म्हणून. गिऱ्हाईक बनून पाठवलेली माणसे डीलरांची परीक्षा घेत आणि जास्त सूट देणाऱ्याला दंड होई. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. पण त्याची सुरुवात एका निनावी ई-मेलने झाली होती आणि त्यात मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या डीलरांची गोष्ट होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नाव न सांगता कुणीतरी लिहिले आणि आपण ते वाचले. आमच्यासारख्याने नाव घालून तक्रार केली, तर निकाल लागेपर्यंत त्याचा पुरवठा चालू राहील का, हा साधा प्रश्न आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडूनच माल घ्यायचा असतो.

एक काळजी पुढची आहे. आमच्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला, म्हणजे इथल्या राजम्याला, भौगोलिक मानांकन आहे. उद्या एखाद्या कंपनीने शेतकरी गटांशी करार केला की ऑनलाइन विकायचा तर फक्त आम्हालाच द्या, तर पहिल्या वर्षी भाव चांगला मिळेल आणि गट सही करतील. ज्या नावावर तालुक्यातल्या प्रत्येक उत्पादकाचा हक्क आहे, ते नाव मोबाईलवर एका दुकानात कोंडले जाईल. तेव्हाही बाजार देशाचा धरला, तर देशात राजमा पुष्कळ पिकतो, म्हणून तक्रार बंद होईल.

म्हणून माझे मागणे असे. ऑनलाइन विक्रीचा एकमेव हक्क कुणाला, किती मुदतीसाठी आणि कोणत्या सेवेच्या बदल्यात दिला, हे कंपनीने आपल्या सगळ्या डीलरांना लेखी कळवणे बंधनकारक व्हावे. हक्क घेणाऱ्याने वॉरंटीचे काम स्वतः करावे, नाहीतर जो करतो त्याला त्याचे पैसे द्यावेत. तक्रारदाराचा पुरवठा तोडला, तर तो तोडणे हाच पुरावा धरावा. आणि शेती अवजारे, सुटे भाग अशा मालाच्या तक्रारीत बाजार ठरवताना १९(६) मधली ‘सेवा’ आणि ‘भाषा’ खरोखर मोजावी.

ई-कॉमर्सचा बाजार-अभ्यास आपण जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलात. पुढचा कराल तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांना जुलैत कोरेगावला पाठवा. पुणे-मिरज मार्गावर आमचे स्टेशन आहे. गल्ल्याशेजारी खुर्ची टाकतो. दिवसभर कुठले पंप येतात, ते कुणी विकले आणि ते कोण दुरुस्त करतो, एवढे त्यांनी लिहून न्यावे. प्रश्न मराठीत विचारले, तर शेतकरी स्वतःच सांगतील.

आपला,
कोरेगावातील एक दुकानदार