मुदत फक्त व्यापाऱ्यालाच

१ जुलै २०१७ रोजी ‘व्हॅट’ गेला आणि जीएसटी आला, असे आपण सर्रास म्हणतो. दाभोळच्या धक्क्यावर तसे म्हणून चालत नाही. डिझेल जीएसटीबाहेरच राहिले आणि बोट डिझेलवर चालते. त्यामुळे एकेकाळी आदिलशाहीचा व्यापार सांभाळणाऱ्या, वाशिष्ठीच्या मुखावरच्या या बंदरात आजही दोन करांचे दोन हिशेब चालतात. धंद्याच्या खर्चावर भरलेला कर परत मिळण्याची सोय दोन्हीकडे आहे. तो मिळवताना कोणाला किती धावावे लागते, ते मात्र बघण्यासारखे आहे.

आधी जीएसटी. समजा, गावातल्या एका तरुणाने काजूगराची छोटी फॅक्टरी घातली. बॉयलर, कटिंगची यंत्रे, ड्रायर मिळून दहा लाखांची खरेदी, त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार कर. उलाढाल ४० लाखांच्या आत, म्हणून नोंदणीची सक्ती नाही. पुढच्या हंगामात धंदा वाढला, नोंदणी झाली. आता त्या १ लाख ८० हजारांचे क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, मिळेल का? नाही. जीएसटी कायद्याचे कलम १८ नव्या नोंदणीदाराला नोंदणी लागू होण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या मालापुरतेच क्रेडिट देते. म्हणजे कच्चा माल, पॅकिंगचे डबे-पिशव्या, अर्धवट आणि तयार मालात गेलेली सामग्री. तेही नोंदणीचा अर्ज वेळेत केला असेल, बिल वर्षाच्या आतले असेल आणि आयटीसी-०१ हा फॉर्म तीस दिवसांत भरला असेल तर. यंत्रे त्यात बसत नाहीत. नोंदणीपूर्वी दिलेली सल्लागाराची फी, जाहिरातीचा खर्च, यांवरचा करही गेला तो गेलाच.

गंमत अशी, की हाच तरुण आधी उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत असता आणि मग नेहमीच्या करपद्धतीत आला असता, तर याच कलमाने त्याला यंत्रांवरचेही क्रेडिट दिले असते, दर तिमाहीला पाच टक्के कापून. मग थेट नोंदणी करणाऱ्यानेच काय घोडे मारले? ज्या ब्रिटनच्या कागदी कारभाराला आपण नावे ठेवतो, तिथे नव्या नोंदणीदाराला मागच्या चार वर्षांत घेतलेल्या आणि अजून धंद्यात असलेल्या वस्तूंवरचा व्हॅट मागता येतो, सेवांवरचा सहा महिन्यांपर्यंतचा. आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत एकच उपाय: यंत्राची ऑर्डर देण्याआधी स्वेच्छेने नोंदणी घ्या. विवरणपत्रांचा ताप मागे लागेल हे खरे. पण १ लाख ८० हजारांपुढे तो परवडतो.

आता धक्क्यावरचा दुसरा हिशेब. ताजी मासळी करमुक्त आहे. ऐकायला बरे वाटते. पण विक्रीवर कर नाही म्हणून खरेदीवरच्या कराची वजावटही नाही. जाळी, बर्फ, इंजिनाचे सुटे भाग, सगळ्यांवरचा जीएसटी बोटमालकाच्या अंगावर. परत मिळण्यासारखा उरतो तो डिझेलवरचा व्हॅट. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत ठरलेल्या कोट्यातले डिझेल भरायचे, कर आधी मोजायचा आणि राज्य सरकार तो नंतर देणार. यालाच बंदरात डिझेल परतावा म्हणतात. हा ‘नंतर’ किती लांबेल हे तरतुदीवर अवलंबून. थकीत परताव्याचा प्रश्न विधिमंडळात वर्षानुवर्षे निघतो, काही रक्कम सुटते आणि थकबाकी पुन्हा चढते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बोट ओढून रंगवायची, इंजिन खोलायचे, जाळी दुरुस्त करायची, खलाशांना उचल द्यायची. पैसा लागतो तो नेमका तेव्हा. परतावा अडकला की मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते आणि मग हंगामभर भाव तोच ठरवतो.

नव्या उद्योजकाचा तिसावा दिवस चुकला तर त्याचा हक्क बुडतो. मच्छीमाराचे पैसे किती दिवसांत द्यायचे, याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचे स्वागतही झाले. दर्जाने टाकी भरत नाही. जीएसटीचा परतावा साठ दिवसांत दिला नाही तर सरकारला सहा टक्के व्याज द्यावे लागते, हे कायद्यातच आहे. हाच नियम डिझेल परताव्याला लावावा. योजना राज्याची आहे, त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.