विस्मृतीचा व्यापार

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकाने अल्झायमरवरील अ‍ॅड्युहेल्म या औषधास मान्यता दिली. पुरावा अपुरा असल्याचे त्याच्याच सल्लागार तज्ज्ञांनी आधी बजावले होते. कंपनीने वर्षाची किंमत लावली ५६,००० डॉलर! मेडिकेअर या सरकारी विम्याचा २०२२ चा हप्ता वाढला, त्याचे एक कारण हेच औषध. २०२४ मध्ये कंपनीने ते गुंडाळले.

आणि रुग्णाला न्हाऊ-जेवू घालणारी, रात्री जागवणारी पत्नी वा कन्या? घरातील दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर सहसा देत नाही. संशोधन हवेच, परंतु नफ्याला सार्वजनिक पैसा आणि सेवेला केवळ कौतुक, हा कुठला न्याय? शुश्रूषा हे श्रम आहेत. श्रमाला मोबदला मिळालाच पाहिजे.