एक संगणक, चार मुलं

नववी-दहावीत मूल विज्ञान भाग 1 मध्ये अडलं, की घरात आधी जादा क्लासचा विषय निघतो. नाहीतर नव्या मोबाइलचा. थोडं थांबा. पैसे घालण्याआधी आळीतली चार मुलं एका संगणकासमोर बसवून बघा.

संगणक बहुतेक शाळेतच असतो. मुख्याध्यापकांना भेटा. चारही घरचे पालक मिळून जा. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा तासभर खोली मिळाली, तरी पुष्कळ झालं. ‘फेट’ नावाचे संगणकावर करायचे प्रयोग तिथे उतरवून ठेवायची सरांना विनंती करा. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाने हे काम 2002 मध्ये सुरू केलं. प्रयोग फुकट आहेत, मराठीतही मिळतात. एकदा उतरवले की नेट नसलं तरी चालतात.

आता बसायची रीत. खरी मेख इथेच आहे.

माऊस कच्च्या मुलाच्या हातात द्या. हुशार मुलाने नुसतं बोलायचं. त्याच्या हातात माऊस गेला, की तो भराभर उरकतो आणि बाकीचे बघत राहतात. तिसऱ्याने वहीत लिहायचं. चौथ्याने सारखं ‘का?’ विचारायचं.

आणि बटण दाबण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर लिहायचं. समजा, ‘धाराविद्युत’ हा धडा चालू आहे. सेलला दोन सारखे दिवे एकसर जोडणीत लावले. जास्त उजेड कुठला देईल? बरीच मुलं म्हणतात, पहिला; वीज तिथेच थोडी संपते ना! जोडून बघतात, तर दोन्ही सारखेच. मग वाद होतो. होऊ द्या. मध्ये पडून उत्तर सांगू नका. त्यांचं त्यांना कळू द्या: धारा वाटेत संपत नाही, जेवढी जाते तेवढीच परत येते. खर्च होते ती ऊर्जा. हे एकदा डोक्यात बसलं, की ओहमच्या नियमाची गणितं परकी वाटत नाहीत.

घरी करून बघायचं असेल, तर टॉर्चचे सेल आणि छोटे बल्ब घ्या. भिंतीवरच्या प्लगला मुलांनी हात लावायचा नाही. हे निक्षून सांगा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. तुमच्या घरीही अशी वेळ ठरवा. संगणकावर पाहिलेलं त्या वेळी कागदावर काढायला लावा. जिथे अडेल, तो प्रश्न पुढच्या बैठकीला.

हुशार मुलाच्या आईवडिलांना वाटेल, आमच्या मुलाचा वेळ का घालवायचा? पण दुसऱ्याला समजावताना आपलं कच्चं कुठे आहे ते कळतं. आणि एकत्र शिकणं आपल्या मुलखाला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एकत्र शिकली. आळीतली चार मुलं तर जमवता येतील.

बैठक संपल्यावर मुली अंधारात एकट्या परतणार नाहीत, एवढं बघा. पहिल्या चाचणीत गुण वाढले नाहीत, तरी गट मोडू नका. जेवताना मुलाला विचारा, आज वाद कशावरून झाला?