समीकरण सुटतं, मांडता येत नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग 1 मधलं पहिलंच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. दोन समीकरणं हातात दिली की मुलं चटकन एका चलाचा लोप करतात, निश्चयक काढतात, क्रेमरच्या पद्धतीने क्ष आणि य च्या किमती लिहून मोकळी होतात. त्याच प्रकरणातलं शाब्दिक उदाहरण समोर आलं की मात्र पेन थांबतं. अनेक मुलं ते सरळ ‘ऑप्शनला’ टाकतात.

दोष मुलांचा नाही. त्यांच्याकडून वर्षभर सोडवण्याचा सराव करून घेतला जातो आणि मांडणी तेवढी राहून जाते. किती गोष्टी अज्ञात आहेत, त्या शोधायला किती माहिती लागेल आणि हातात आहे ती पुरेशी आहे का, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात. खरं तर अनेक अज्ञातांच्या गणिताचा प्राण तिथेच आहे.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात घातलेलं एक कोडं त्यासाठी पाहावं. चार जण आहेत. पहिल्याकडे 5 घोडे, 2 उंट, 8 खेचरं आणि 7 बैल. दुसऱ्याकडे याच क्रमाने 3, 7, 2 आणि 1, तिसऱ्याकडे 6, 4, 1 आणि 2, चौथ्याकडे 8, 1, 3 आणि 1. चौघांची संपत्ती सारखीच आहे, तर प्रत्येक जनावराची किंमत किती? अज्ञात चार. चौघांची संपत्ती समान, एवढ्या माहितीतून समीकरणं निघतात तीन. म्हणजे एक कमीच पडतं. भास्कराचार्य तिथे अडत नाहीत. घोडा 85, उंट 76, खेचर 31 आणि बैल 4 असं पूर्णांकातलं उत्तर ते देतात. पडताळून पाहा, प्रत्येकाची संपत्ती 853 भरते. आता सगळ्या किमती दुप्पट करा, तरी कोडं सुटलेलंच राहतं. दिलेल्या माहितीतून किमतींचं एकमेकींशी असलेलं प्रमाण तेवढं पक्कं होतं, प्रत्यक्ष भाव नाही. हे एकदा लक्षात आलेलं मूल समीकरणाकडे पुन्हा यंत्रासारखं पाहणार नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ज्या राज्यात हे ग्रंथ शिकवायला मठ उभा राहिला, तिथल्या दहावीच्या वर्गात त्यांतलं एखादं कोडं यायला काय हरकत आहे?

लोप पद्धत भास्कराचार्यांपेक्षाही जुनी. चीनच्या ‘गणितकलेची नऊ प्रकरणे’ या प्राचीन ग्रंथाचं आठवं प्रकरण याच विषयाचं आहे. पाटावर काड्या मांडून तीन-तीन अज्ञातांचे हिशेब त्यात सोडवले आहेत.

आणि आजचं उदाहरण हवं असेल तर ते दवाखान्यात मिळेल. ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला. मेंदूच्या एका कापाचे 80 गुणिले 80, म्हणजे 6,400 चौकोन कल्पायचे. प्रत्येक चौकोनाची घनता अज्ञात. क्ष-किरण आरपार जाताना किती क्षीण झाला, हे कळलं की त्याच्या वाटेतल्या सगळ्या चौकोनांबद्दलचं एक समीकरण मिळतं. 180 दिशांनी, दर दिशेला 160 अशी 28,800 मोजमापं घेतली गेली. इथे माहिती अज्ञातांपेक्षा कितीतरी जास्त. पण प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच, त्यामुळे सगळी समीकरणं तंतोतंत जुळत नाहीत. सगळ्यांशी जास्तीत जास्त मेळ खाणारं उत्तर शोधावं लागतं. या कामासाठी हाउन्सफिल्ड यांना 1979 मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

माहिती कुठे कमी, कुठे जास्त, कुठे परस्परविरोधी: व्यवहारातली समीकरणं अशीच येतात. सराव संचातली बहुतेक उदाहरणं मात्र आधीच नीट बसवलेली असतात, नेमकं एकच उत्तर देणारी.

म्हणून प्रश्नपत्रिकेत दरवर्षी निदान एक प्रश्न असा हवा. सोमवारी 2 किलो टोमॅटो आणि 1 किलो कांद्याचे 100 रुपये झाले. मंगळवारी त्याच भावाने 4 किलो टोमॅटो आणि 2 किलो कांद्याचे 200 रुपये झाले. भाव सांगता येतील का? निश्चयक शून्य येतो, कारण मंगळवारच्या खरेदीने नवं काहीच सांगितलेलं नाही. आणि मंगळवारी 210 रुपये झाले असते, तर? मग भाव तोच राहिला नाही किंवा हिशेबात चूक झाली. विद्यार्थ्याने हे दोन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की त्याला पूर्ण गुण द्यावेत. क्रेमरची पद्धत पुढच्या प्रश्नाला आहेच.